फुकट वायफाय बसलेल्याला मिळतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीहून तुम्ही, बायको आणि आई-बाबा असे चौघं मे महिन्यात १२ दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली करताय. सहल कंपनी नाही, सगळं बुकिंग घरबसल्या तुमचं तुम्हीच केलंय. चौघांच्या फोनवर इथलंच रोमिंग पॅक टाकलं तर बारा-तेरा हजार जातात. ‘कशाला पैसे घालवता, तिकडे सगळीकडे फुकट वायफाय असतं’ असं मेहुण्यांनी सांगितलंय. तर त्यावर निभेल का?

मेहुणे खोटं बोलत नाहीयेत. फक्त ते बहुतेक एकटे गेले असावेत, आणि त्यांच्याबरोबर गुडघे दुखणारी आई नसावी.

मी गेली १७ वर्षं मुंबईहून माणसं घेऊन परदेशात जाते. आधी मोठ्या कंपनीत होते, चाळीस-पंचेचाळीस जणांची बस असायची. आता स्वतःचे दहा-बारा जणांचे गट नेते. ‘मॅडम, वायफाय?’ हा प्रश्न मला ‘मॅडम, चहा?’ याच्याही आधी येतो. त्यातून एक गोष्ट पक्की समजलीय. फुकट वायफाय बसलेल्या माणसाला मिळतं, चालत्या माणसाला मिळत नाही. हॉटेलची खोली, कॅफेची खुर्ची, विमानतळाचं गेट, म्युझियमचा बाक इथे ते आहेच, आणि बऱ्याचदा छान चालतं. पण इंटरनेटची खरी निकड लागते ती दोन खुर्च्यांच्या मध्ये. ट्राम कुठल्या बाजूची पकडायची, हॉटेलची गल्ली डावीकडची की उजवीकडची, बाबा मागे राहिले की पुढे गेले, हे सगळं रस्त्यावर उभं असताना कळायला हवं असतं. आपल्याकडे मुंबई सेंट्रलला २०१६च्या जानेवारीत स्टेशनवरचं फुकट वायफाय सुरू झालं तेव्हा काय व्हायचं आठवा. प्लॅटफॉर्मवर बसून लोक सिनेमे उतरवून घ्यायचे, आणि गाडी सुटली की गोल फिरणारं चक्र. युरोपात चित्र जास्त देखणं आहे, पण गाडी सुटली की चक्र तिथेही फिरतंच.

त्यामुळे ‘फुकट कुठे मिळेल’ हा तुमचा खरा प्रश्नच नाही. चार माणसांपैकी कोणाला, कुठल्या क्षणी, किती इंटरनेट लागणार आहे, ते आधी बघायला हवं. ते कळलं की खर्च आपोआप कमी होतो.

एक प्रसंग सांगते. मिलानो सेंत्राले हे मिलानचं मोठं रेल्वे स्टेशन, आपल्या सीएसएमटीला शोभेल असं. गटातल्या एक काकू आमच्यापासून फार तर दोनशे पावलांवर, एका जाहिरातीच्या मोठ्या फलकामागे उभ्या होत्या, आणि आम्ही चाळीस मिनिटं त्यांना शोधत होतो. त्या स्टेशनच्या वायफायला जोडायची खटपट करत होत्या. पान उघडलं, सगळं इटालियनमध्ये. मोबाईल नंबर मागितला. त्यांनी आपला दहा आकडी नंबर टाकला, पण चौकटीत आधीच इटलीचा +३९ बसलेला होता, तो बदलून +९१ करायचा हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मग कोडच्या एसएमएसची वाट बघत राहिल्या. तो एसएमएस इटलीतल्या कोणाच्या तरी फोनवर गेला असेल, नाहीतर कुठेच नाही. शिवाय निघताना मुलाने ‘उगाच बिल येईल’ म्हणून त्यांच्या फोनचं रोमिंग पूर्ण बंद करून दिलेलं, त्यामुळे +९१ टाकूनही कोड आला नसता. सापडल्या तेव्हा म्हणाल्या, “अगं, मी हललेच नाही जागेवरून, वायफाय जाईल म्हणून.”

फुकट वायफायची अडचण सिग्नलची क्वचितच असते, दारावरच्या रखवालदाराची असते. तो कुठे ईमेल मागतो, कुठे एसएमएसचा कोड, कुठे खोलीचा नंबर आणि आडनाव, तर इस्तंबूलच्या विमानतळासारख्या ठिकाणी यंत्रावर पासपोर्ट टेकवायला सांगतो. ईमेल मागणारी ठिकाणं सोपी. पॅरिसमध्ये महापालिकेचं वायफाय बागांमध्ये, वाचनालयांत, पालिकेच्या म्युझियममध्ये मिळतं, एका वेळी दोन तास, संपलं की पुन्हा जोडायचं. मॅकडॉनल्ड्स आणि स्टारबक्स तर आहेतच. माझी पसंती मात्र वाचनालयांना आणि म्युझियमना. बसायला जागा असते, स्वच्छतागृह असतं आणि कॉफी विकत घ्यावी लागत नाही. आई-बाबांबरोबर या तिन्ही गोष्टींची किंमत वायफायपेक्षा जास्त आहे.

कधी कधी वायफायला जोडलेलं दिसतं, पण परवानगीचं पान उघडतच नाही. अशा वेळी लोक फोन बंद-चालू करत बसतात. त्याऐवजी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) हा पत्ता टाका. बाकीच्या साइटी आता कुलूपबंद असतात, त्यामुळे वायफायवाल्याला मध्ये आपलं पान घुसवता येत नाही. ही साइट मुद्दाम उघडी ठेवलेली आहे, म्हणून तिथे ते पान लगेच समोर येतं. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. अँड्रॉइडमध्ये कोणी ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावून दिलं असेल तर तेही. एवढ्यावर माझी दहापैकी आठ प्रकरणं सुटतात.

आता पैशाचं. चौघांना चार पॅक हा हिशेबच चुकीचा आहे. पण उलट टोकाला जाऊन एकाच फोनवर डेटा घेऊ नका, कारण तो फोन ज्याच्या खिशात आहे तोच माणूस हरवला तर बाकीचे तिघं आंधळे. एकच किल्ली असलेल्या घरासारखं आहे ते. तुमच्याकडे एक आणि तुमच्या मिसेसकडे एक, अशा दोन डेटा लाइनी घ्या. बाहेर फिरताना आई-बाबांचे फोन तुमच्यापैकी कोणाच्या तरी हॉटस्पॉटवर, आणि हॉटेलात चौघंही हॉटेलच्या वायफायवर.

या दोन लाइनी कुठून घ्यायच्या, हे थोडं तुमच्या मार्गावर आणि फोनवर अवलंबून आहे. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार रद्द झालाय, आणि २०२२मध्ये तो नियम २०३२पर्यंत वाढवलाय. म्हणजे पॅरिसमध्ये घेतलेलं फ्रेंच सिम रोममध्येही चालतं, वेगळे पैसे न देता. फक्त त्या सिमच्या मायदेशाबाहेर डेटाला एक वाजवी वापराची मर्यादा असते. पाकिटावर ठळक अक्षरात मोठा आकडा असतो आणि बारीक अक्षरात बाहेरचा लहान आकडा. तो बारीक वाचा.

तुमच्या मार्गात खरी मेख आहे ती स्वित्झर्लंडची. शेंगेन व्हिसात स्वित्झर्लंड येतं, म्हणून लोकांना वाटतं की सिममध्येही येत असणार. येतंच असं नाही. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही आणि हा रोमिंगचा नियम त्यांना लागू नाही. काही कंपन्या आपल्या प्रवासी सिममध्ये ते देतात, काही देत नाहीत. गंमत म्हणजे शेजारचं एवढंसं लिश्टेनश्टाइन या नियमात बसतं, नॉर्वे आणि आइसलँडही बसतात. आमच्या बसा तिथल्या राजधानीत, फाडुत्सला, पासपोर्टवर शोभेचा शिक्का मारून घ्यायला थांबायच्या तेव्हा मी गमतीने म्हणायचे, घरी फोन लावायचे असतील तर इथेच लावून घ्या, तास भराने पुन्हा स्वित्झर्लंड. पण सीमेजवळ फोन आपल्या मनाने शेजारच्या देशाचा टॉवर पकडतो. जिनिव्हाच्या आसपास तर दिवसातून चार वेळा. तेव्हा सिम घेताना ‘युरोप’ हा शब्द वाचून थांबू नका. देशांची यादी मागा आणि त्यात स्वित्झर्लंडवर बोट ठेवून खात्री करा. तुमच्या १२ दिवसांतले चार-पाच तरी तिथे जाणार आहेत.

फोन ई-सिमचा, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून बसवायच्या सिमचा, असेल (आयफोनमध्ये २०१८च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ते आहे, अँड्रॉइडमध्ये मॉडेल बघावं लागेल) तर ई-सिम सगळ्यात सोयीचं. इथलं सिम जागच्या जागी राहतं आणि डेटा दुसऱ्यावर चालतो. मात्र कोणाकडून घेता ते बघा. २०२४च्या जानेवारीत दूरसंचार खात्याच्या आदेशावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन नावाजलेली ॲप भारतात बंद केली गेली, कारण आपल्याकडे परदेशी सिम विकायला सरकारचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे परवानगी असलेल्या भारतीय विक्रेत्याकडून घ्या, नाहीतर तिथे उतरल्यावर दुकानातून. दुकानातून घेणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. आणि शक्य असेल तर विमानतळावरचं दुकान सोडून शहरातल्या मोबाईल कंपनीच्या दुकानात जा, तिथे पर्याय जास्त असतात. पहिल्या दिवशी हॉटेलपर्यंत पोचण्यापुरतं विमानतळाचं वायफाय आणि आधी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट पुरतात.

ई-सिम घरच्या वायफायवर, शांतपणे, निघायच्या आदल्या दिवशी बसवा. ते बसवायलाच इंटरनेट लागतं, हे सहार विमानतळावर रात्री दोन वाजता लक्षात येऊन उपयोग नाही. आधी एवढं वाचून घ्या की मुदत बसवल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. आणि मला सगळ्यात जास्त फोन ज्या चुकीसाठी येतात ती ही: उतरल्यावर नेटवर्कच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण इंटरनेट नाही. कारण घाबरून ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवलेलं असतं. अहो, ते भारतीय सिमसाठी बंद ठेवायचं. प्रवासाचं ई-सिम हे बहुतेक वेळा कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं, त्याच्या दृष्टीने तुम्ही पॅरिसमध्येही रोमिंगवरच आहात. त्या लाइनीचं डेटा रोमिंग चालूच करावं लागतं. दोन सिम, दोन वेगळी बटणं. घरी एकदा बघून ठेवा.

डेटा किती घ्यावा? लोक फार जास्त घेतात. नकाशा आणि मेसेज यांना किरकोळ डेटा लागतो. माझ्या गटांत एका माणसाला दिवसाला अर्धा जीबी पुरून उरतो. खातो तो व्हिडिओ. नेटफ्लिक्स एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत घेतं, म्हणजे झुरिक ते मिलान या एका गाडीप्रवासात पंधरवड्याचा डेटा संपवता येतो. त्याहून बेरकी खर्च हॉटस्पॉटचा आहे. गेल्या वर्षी एका गटात एका गृहस्थांनी १० जीबी घेतला होता, चांगला भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी संपल्याचा मेसेज. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. झालं असं की रात्री बायकोचा फोन त्यांच्या हॉटस्पॉटला जोडलेला राहिला. तिच्या फोनला वाटलं, हे तर वायफाय! आणि वायफाय मिळालं की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायचे, ॲप अपडेट करायची, अशी त्याला आज्ञा होती. आयफेल टॉवरचे लुकलुकणारे दिवे टिपलेले सात व्हिडिओ, त्यांच्याच महागड्या डेटावरून, ते झोपलेले असताना वर गेले. तेव्हा आई-बाबांच्या फोनमध्ये तुमचा हॉटस्पॉट जोडला की त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइड असेल तर ‘मीटर्ड’ आणि आयफोन असेल तर ‘लो डेटा मोड’ करून ठेवा. एकदाच करायचं असतं. व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरच्या सुप्रभातला रोमपर्यंत यायची गरज नाही.

हॉटेलचं वायफाय तुमचं मुख्य कोठार समजा. फोटो चढवणं, उद्याचे नकाशे उतरवणं, घरी व्हिडिओ कॉल, सगळं तिथे. कुठे कुठे एका खोलीला दोनच उपकरणं जोडू देतात. लॅपटॉप नेत असाल तर तो जोडून त्याचाच हॉटस्पॉट करा, सगळ्यांना मिळतं. खोलीत सिग्नल मरतुकडा असेल तर पॅसेजच्या बाजूचा पलंग पकडा, राउटर बहुधा पॅसेजमध्येच टांगलेला असतो. आणि बुकिंग साइटवर ‘वायफाय फुकट’ एवढंच वाचू नका, ‘लॉबीत’ की ‘खोलीत’ ते बघा. इंटरलाकेनला एका जुन्या हॉटेलात आमचा अख्खा गट नाइट ड्रेसवर शाली पांघरून जिन्यात बसलेला मला अजून दिसतो. वायफाय तिसऱ्या पायरीपर्यंतच येत होतं.

आता ज्याने लोक खरोखर अडकतात ते: ओटीपी. भारतीय सिम काढून डबीत टाकू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार आहे, आणि यूपीआयची ॲप सिमला बांधलेली असतात, सिम गेलं की पुन्हा ओळखपरेड सुरू. निघण्याआधी कंपनीला फोन करून दोन गोष्टी विचारा: माझ्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का, आणि पॅक न घेता येणारे एसएमएस फुकट मिळतील का. बहुतेक ठिकाणी मिळतात, पण कंपनी आणि योजनेप्रमाणे फरक पडतो, म्हणून विचारूनच जा. चौघांच्याही सिमवर रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद. आई-बाबांना पॅक नको. चुकामूक झालीच तर त्यांना साधा फोन लावा, त्या एका कॉलचे मिनिटाचे पैसे पडतील, पण दोन पॅकांपेक्षा ते किती तरी कमी. आणि दोघांच्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तिला चार्जिंग लागत नाही.

नकाशाबद्दल एक गैरसमज घालवते. निळा ठिपका इंटरनेटवर चालत नाही, उपग्रहावर चालतो. इंटरनेट लागतं ते खालचं चित्र आणायला. पॅरिस, ल्युसर्न, रोम या शहरांचे नकाशे गूगल मॅप्समध्ये घरीच उतरवून ठेवलेत तर एकही एमबी न वापरता आपण कुठे आहोत ते कळतं. बस-मेट्रोच्या वेळा मात्र त्यात येत नाहीत, त्यासाठी तुमच्या दोन लाइनी आहेत. भाषांतराच्या ॲपमध्ये फ्रेंच आणि इटालियनही आधीच उतरवा. शाकाहारी असाल तर मेन्यू वाचायला लागतंच लागतं.

सुरक्षेचं थोडक्यात. उघड्या वायफायवर बँकेचं काही करू नये असं पूर्वी आम्ही ओरडून सांगायचो. आता बँकेची ॲप आणि साइटी सगळा मजकूर कुलूपबंद पाठवतात, त्यामुळे तो धोका पूर्वीइतका नाही. राहिलाय तो खोट्या नावाचा. स्टेशनच्या नावाशी मिळतंजुळतं नेटवर्क कोणीही आपल्या बॅगेतून चालवू शकतो. ओळख सोपी आहे: ‘फुकट’ म्हणवणारं वायफाय कार्डाचा नंबर मागायला लागलं की बाहेर पडा. पैशाचे व्यवहार मी तरी आपल्या डेटावरच करते, सवय म्हणा.

पुढेमागे दुसरीकडे जाणार असाल तर उत्तर बदलतं. सिंगापूरला सरकारचं वायरलेस ॲट एसजी इतकं पसरलेलं आहे की तीन दिवस त्यावर निघू शकतात. व्हिएतनाममध्ये टपरीवजा कॅफेतही वायफाय असतं. जपानमध्ये पॉकेट वायफाय भाड्याने घ्या, परत करताना पाकिटात घालून टपालपेटीत टाकायचं असतं, कुटुंबाला फार सोयीचं. दुबईत वायफाय मुबलक, पण व्हॉट्सॲपवर मेसेज जातात आणि कॉल लागत नाहीत. चीनमध्ये स्थानिक वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही नाही, तिथे मात्र भारतातलंच रोमिंग पॅक घ्यावं, कारण त्याचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरतो. आणि क्रूझवर पाय ठेवताक्षणी फोन विमान मोडवर. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क असतं, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही. माझ्या एका प्रवाशाचा फोन रात्रभर खिशात तसाच राहिला, आणि घरी आल्यावर आलेलं बिल क्रूझच्या तिकिटाच्या निम्मं होतं.

तुमच्यापुरता हिशेब करायचा तर स्वित्झर्लंड धरून दोन युरोप ई-सिमं, प्रत्येकी ८-१० जीबी. मला अशी साधारण दीड ते अडीच हजारांना पडलीत. म्हणजे बारा-तेरा हजारांचे तीन ते पाच हजार होतील. हॉटस्पॉटने फोन दुपारीच मान टाकतो, म्हणून एक पॉवर बँक घ्या, ती चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या सामानात.

आणि निघायच्या आधीच्या रविवारी एक करा. चौघं मिळून डोंबिवलीहून फोर्टला जा. आई-बाबांच्या फोनचा मोबाईल डेटा बंद, ते फक्त तुमच्या हॉटस्पॉटवर. सीएसएमटीला उतरल्यावर मुद्दाम हॉटस्पॉट बंद करा, बाबांना सांगा की आम्ही म्युझियमच्या दारात उभे आहोत, उतरवलेल्या नकाशावर आईला घेऊन या. ते पोचतात की वाटेतल्या इराण्याकडे बसून ‘वायफाय आहे का’ विचारतात, ते तुम्हाला दारात उभं राहून कळेलच.